तिसऱ्या मशीनचं पाणी

तिसऱ्या मशीनमध्ये पाणी पडत होतं. आवाज अगदी व्यवस्थित येत होता, पण दाराच्या गोल काचेत पाणी काही दिसत नव्हतं. पाच मिनिटं झाली, सात झाली. आत चादरी नुसत्या ओल्या होऊन पडल्या होत्या आणि मशीनच्या मागे, भिंतीलगतच्या गटारात, धार अखंड वाहत होती. वरून जेवढं येत होतं, तेवढं खालून जात होतं.

“बघा,” साळवे सिस्टर म्हणाल्या. “सकाळपासून हे असं चाललंय. वरची टाकी अर्धी रिकामी झाली माझी.”

हे मशीनसमोर उकिडवे बसले आणि काचेला कान लावून ऐकू लागले. मी पिशवी खाली ठेवली.

मिरजेतल्या या गोष्टीला आता पंधरा वर्षं होऊन गेली. साळवे सिस्टर म्हणजे एस्तेर साळवे. पस्तीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून काढली आणि रिटायर झाल्यावर भावाच्या गाळ्यात त्यांनी ही लाँड्री टाकली. कमरेएवढी उंच, मोठाली चार मशीनं. सकाळी आसपासच्या लहान दवाखान्यांच्या चादरी आणि उशांचे अभ्रे, दुपारनंतर नर्सिंगच्या होस्टेलमधल्या मुली आपापले कपडे घेऊन यायच्या. गाळ्यात शिस्त वॉर्डासारखी. चप्पल दाराबाहेर, मोठ्यानं बोलायचं नाही आणि मळके कपडे कधीही जमिनीवर ठेवायचे नाहीत.

हे, म्हणजे माझे यजमान शशिकांत पोतदार. गावात सगळे त्यांना पोतदार मिस्त्री म्हणायचे. मिक्सरपासून सुरुवात केली, पुढे घरातली वॉशिंग मशीनं करू लागले आणि सिस्टरांनी लाँड्री टाकल्यापासून ही मोठी मशीनंही. सांगली ते जयसिंगपूर एवढ्या टापूत या मशीनच्या पोटात हात घालणारा दुसरा माणूस नव्हता. त्यांना त्याचा अभिमान होता, मलाही होता.

“पाणी सोडायचा व्हॉल्व्ह मिटत नाही,” उठता उठता हे म्हणाले. “काहीतरी अडकलंय त्यात.”

“आठ दिवसांपूर्वीच नवीन बसवलात ना तुम्ही?”

“नवीन असला म्हणून काय झालं? पोरींच्या खिशात काय काय असतं, सिस्टर. नाणी, बटणं, केसांतल्या पिना. बारीकशी पिन आडवी बसली तरी संपलं.”

 सिस्टरांनी मान वळवून कोपऱ्याकडे पाहिलं. तिथं निंगव्वा मळक्या चादरी वेगळ्या करत होती. पन्नाशीची, काटक बाई. कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी एकूण एक खिसा उलटा करून बघणं हे तिचं काम. दिवाळीच्या सुमारास कुणा डॉक्टरचं पेन तिच्या नजरेतून सुटलं होतं आणि चाळीस चादरींवर निळे डाग पडले होते. पुन्हा असं झालं तर कामावर ठेवणार नाही, असं सिस्टरांनी तेव्हा सगळ्यांसमोर बजावलं होतं. बोललेलं करणाऱ्यांतल्या त्या होत्या.

“मी समदे खिसे बघते बाई,” निंगव्वा तिथूनच म्हणाली. “अभ्र्याचं तोंडसुदा उलटं करून बघते.”

“आधी उघडून तर बघू दे त्यांना,” सिस्टर म्हणाल्या. मग यांच्याकडे वळून, आवाज न चढवता, “मिस्त्री, महिन्यात ही तिसरी खेप. दवाखाने थांबत नाहीत हो. आज झालं नाही तर मला पुण्याहून माणूस बोलवावा लागेल. वाईट वाटून घेऊ नका.”

“आज होईल,” हे म्हणाले.

मी पिशवीतून बॅटरी, पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर काढले, पदर खोचला आणि मशीन आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत शिरले.

हे मीच का करत होते, ते सांगायला हवं. दीड वर्षापूर्वी एका सकाळी दाढी करताना यांचा उजवा हात थरथरला. नुसता अंगठा आणि शेजारचं बोट, जणू चिमटीत विडीचं पान चोळतोय असं. थंडीनं असेल म्हणाले. थंडी गेली, थरथर राहिली. मग बारीक स्क्रू हातातून निसटायला लागले. एकदा जिवंत वायरीला हात लागला. त्या दिवसापासून मी त्यांच्याबरोबर जायला लागले. लोकांना सांगायचो, मिस्त्रींची पाठ धरलीय, पिशवी उचलायला ही येते. हळूहळू पिशवीतली हत्यारंही माझ्या हातात आली. हे शेजारी बसून सांगायचे, मी करायची आणि गिऱ्हाईक समोर आलं की पक्कड पटकन त्यांच्या हातात द्यायची. डॉक्टरचं नाव काढलं की हे उठून बाहेर जायचे. दवाखान्यांच्या गावात राहून आम्ही दीड वर्ष एकाही डॉक्टरची पायरी चढलो नव्हतो.

मशीनच्या मागे जागा इतकी कमी होती की मला एका कुशीवर आडवं व्हावं लागलं. हे दुसऱ्या टोकाला उभे राहून बॅटरी दाखवत होते. उजेडाचा गोल भिंतीवर थरथरत होता. जरा वेळानं त्यांनी बॅटरी जमिनीवर टेकवून ठेवली आणि गोल स्थिर झाला.

“क्लॅम्प सोडव आधी,” ते हळू आवाजात म्हणाले. “मग पाइप ओढ.”

मुख्य बटण बंद केलेलं होतं. मी क्लॅम्प सैल केला, जाड काळा रबरी पाइप फिरवून ओढला. उरलंसुरलं साबणाचं पाणी कोपरापर्यंत आलं. व्हॉल्व्हच्या तोंडात बोट घातलं. हा व्हॉल्व्ह तसा साधा असतो. आत एक भोक पाडलेला चेंडू. वीज आली की छोटी मोटर चेंडू फिरवून वाट बंद करते, वीज गेली की स्प्रिंग तो परत उघडते. वाटेत पिन किंवा नाणं आलं की चेंडू अर्ध्यात अडतो. मी सगळीकडून चाचपलं. चेंडू गुळगुळीत होता. ना पिन, ना नाणं, ना साधा दोरा.

“सापडलं का गं?” हे म्हणाले.

“बघते.”

मग मी वायरींकडे वळले. व्हॉल्व्हच्या मोटरला दोन वायरी येतात. टोकाला पितळी क्लिप असते, ती मोटरच्या पात्यावर दाबून बसवायची. नीट बसली की टक असा आवाज येतो. मी निळ्या वायरीला नुसतं बोट लावलं आणि ती हातात आली.

क्लिप पात्यावर बसलेलीच नव्हती. तिचं एक अंग वाकून पात्याच्या बाजूला गेलं होतं आणि ती नुसती टेकून उभी होती. ठिणग्या उडून टोक काळं पडलं होतं. आठ दिवस ती तशीच, कधी लागत, कधी सुटत राहिली असणार. मशीन जोरात फिरलं, हादरा बसला की सुटायची आणि व्हॉल्व्ह उघडा.

आठ दिवसांपूर्वी मी कोल्हापूरला भाचीच्या बारशाला गेले होते. हा व्हॉल्व्ह यांनी एकट्यानं बसवला होता.

मी तशीच पडून राहिले. अंधारात, या फटीत, हे गुडघे मोडून बसले असतील. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं असेल. क्लिप एकदा दाबली असेल, निसटली असेल. परत दाबली असेल. कितव्या वेळी त्यांनी बसली असं मानून घेतलं, कोण जाणे. मी आल्यावर विचारलं होतं, जमलं का? “न जमायला काय झालं,” असं म्हणाले होते.

“माला?” त्यांचा आवाज आला.

“आलेच.”

पॉलिश पेपरनं मी काळं पातं घासलं. जळकी क्लिप वायरीपासून कापून पिशवीतली नवी लावली आणि पकडीनं दाबून टक आवाज येईपर्यंत रेटली. दुसरीही ओढून पाहिली. पाइप चढवला, क्लॅम्प आवळला. जळकी क्लिप मुठीत धरली. सिस्टरांचे पाय मला मशीनखालून दिसत होते, पांढऱ्या मोज्यांतले. बाहेर गेल्यावर त्या विचारणार होत्या, काय होतं? मी खरं सांगितलं तर पोतदार मिस्त्रींना साधी वायर लावता येत नाही, एवढंच त्यांना कळणार होतं. आणि मिरजेसारख्या गावात ते संध्याकाळपर्यंत कुठवर गेलं असतं!

मी काय करतेय हे मला पुरतं कळण्याआधी माझा हात अंबाड्याकडे गेला. एक पिन ओढून काढली, साबणाच्या पाण्यात बुडवली आणि क्लिप कमरेला खोचून फटीतून बाहेर आले.

“ही होती,” मी म्हणाले.

सिस्टरांनी हात पुढे केला. मी पिन त्यांच्या तळव्यावर ठेवली. यांचा चेहरा उजळला.

“म्हटलं नव्हतं? पिनच असणार!”

मशीन सुरू करून पाहिलं. मागे मोटरचा बारीक घूं आवाज आला, गटारातली धार बारीक होत होत थांबली आणि काचेच्या तळाशी पाण्याची रेघ दिसू लागली. ती वर चढली. चादरी हळूहळू तरंगायला लागल्या. मला एवढं बरं वाटलं की मी भिंतीला टेकले.

“निंगव्वा,” सिस्टरांनी हाक मारली.

ती पदराला हात पुसत आली. सिस्टरांनी पिन तिच्यापुढे धरली.

“काय ठरलं होतं आपलं दिवाळीत?”

निंगव्वानं पिनेकडे पाहिलं, मग सिस्टरांकडे. “बाई, म्या बघितलंय. देवाशपथ. चादरीत कुठली पिन यायला?”

“मग ही आली कुठून?”

“ते मला काय ठावं?”

“आजचा दिवस कर. उद्यापासून नको येऊस,” सिस्टर म्हणाल्या. त्यांना ते बोलताना आवडत नव्हतं हे दिसत होतं, पण शब्द मागे घेतला नाही. “पगार महिन्याचा पुरा देईन.”

निंगव्वा रडली नाही, भांडली नाही. “बरं,” म्हणाली आणि चादरींच्या ढिगाकडे परत गेली. पहिली चादर उचलली, झटकली, उलटी केली, कडा चाचपल्या. सवयीनं. मग दुसरी उचलली.

मी बोलायला हवं होतं. तोंडाशी शब्द आले होते, खोटं नाही सांगत. पण यांचा तो उजळलेला चेहरा माझ्यासमोर होता. दीड वर्षात तसा पाहिला नव्हता. मी हत्यारं पुसून पिशवीत भरायला लागले. एकेक हत्यार नको इतकं पुसलं.

“सिस्टर, बघू ती पिन,” हे म्हणाले.

सिस्टरांनी ती त्यांना दिली. त्यांनी ती डाव्या हातात घेतली, उजेडाकडे धरली, बोटांनी चोळली. मग नाकाजवळ नेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या कपाळावर एक बट सुटून आली होती, ती मी मागे सारली.

“माला, ही कुठं अडकली होती?”

“चेंडूपाशी.”

“चेंडूच्या वर, का खाली?”

मी पुसलेलीच पक्कड पुन्हा पुसायला घेतली.

“गरम पाणी, सोडा, ब्लीच,” ते पिनेकडे बघत म्हणाले. कुणाला शिकवत असावेत तसा आवाज. “एवढ्यात पिन पडून राहिली तर तिचा काळा रंग उडतो. टोकं गंजतात. हिला अजून खोबरेल तेल आहे.” मग माझ्याकडे न बघता, “काय होतं? खरं सांग.”

“अहो, जाऊ दे ना. चालू झालंय...”

“ती बाई उद्यापासून घरी बसणार आहे. काय होतं?”

मी कमरेची क्लिप काढून त्यांच्यासमोर धरली. एका अंगानं वाकलेली, काळी पडलेली. काही सांगावं लागलं नाही. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. मागे मशीननं ड्रम फिरवायला सुरुवात केली होती.

“सिस्टर,” ते म्हणाले, “निंगव्वाबाईंची काही चूक नाही. ही पिन हिच्या डोक्यातली आहे. मशीनचा दोष नव्हता, व्हॉल्व्हचाही नव्हता. वायर मी बसवली होती, ती बसलीच नव्हती.” आणि त्यांनी इतके दिवस पँटच्या खिशात, पाठीमागे, पिशवीखाली दडवलेला उजवा हात उचलून सरळ समोर धरला. “हा स्थिर राहत नाही हो माझा.”

अंगठा आणि बोट हलत होतं. मी मान खाली घातली. अठरा वर्षांच्या संसारात मला त्यांची इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि लाज त्यांची नव्हतीच, माझी होती, हे मला त्या क्षणी नीट वेगळं करता येत नव्हतं.

सिस्टर पुढे आल्या. त्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, मनगटापाशी धरला, कोपरातून हलकेच वाकवून पाहिला, सोडला. त्यांना स्टुलावर बसवून तो मांडीवर ठेवायला सांगितला. परत पाहिलं.

“किती दिवस?”

“दीड वर्ष.”

“कुणाला दाखवलंत?”

“नाही.”

“मशीन बंद पडलं की मी तुम्हाला फोन करते. करते ना? आणि तुमचा हात बंद पडला तर तुम्ही काय करता? खिशात घालता!” त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “मी इथे, चार पावलांवर. आयुष्य गेलं माझं वॉर्डात. मला सांगावंसं वाटलं नाही?”

 सिस्टर माझ्याकडे वळल्या.

“आणि तू. नवऱ्याला झाकायचं म्हणून तिला उघड्यावर घालणार होतीस.”

मला त्यांच्याकडे बघवेना. मी निंगव्वाकडे गेले. ती चादर हातात धरून उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं.

“चुकलं माझं,” मी म्हणाले.

 मला वाटलं होतं ती म्हणेल, असू दे. ती तसं म्हणाली नाही.

“माझी पोरगी बाळंतपनाला आलीया, वैनी,” ती म्हणाली. “आज घरला जाऊन तिला काय सांगनार हुते मी?”

मी तिच्या हातातली चादर धरायला पुढे झाले.

“सरका,” ती म्हणाली. “मशीनीचं पानी सुटंल आता, चादरी काढायच्यात.”

तिनं त्या दिवशी मला माफ केलं नाही. पुढेही किती दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. ते बरोबरच होतं.

निघताना सिस्टरांनी मेंदूच्या विकारांवरच्या एका डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी लिहून दिली. शिवाय स्वतः फोन करून दुसऱ्या दिवशी दहाची वेळ घेतली. मग मला विचारलं, “आज व्हॉल्व्ह कुणी उघडला? क्लिप कुणी बसवली?”

“मी.”

“आणि गेल्या वर्षी पहिल्या मशीनचा पंप?”

मी यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

“मीच.”

“हं,” एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

घरी आम्ही चालत गेलो. स्कूटर यांनी चालवायची नाही, असं सिस्टरांनी बजावलं होतं, आणि मला ती येत नव्हती. एका बाजूनं त्यांनी हँडल धरलं, दुसऱ्या बाजूनं मी. स्टेशन रोडवर ओळखीची माणसं विचारायची, काय मिस्त्री, बंद पडली का? पहिल्या दोघांना हे हो म्हणाले. तिसऱ्याला म्हणाले, “गाडी चांगली आहे. मीच जरा नादुरुस्त आहे.” आणि हसले. मलाही हसू आलं. मग रडू आलं, आणि ते आवरेना तेव्हा आम्ही एका सतारवाल्याच्या दुकानाच्या सावलीत थोडा वेळ उभे राहिलो.

“पिन कशाला काढलीस गं?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही म्हणालात ना, पिन असेल म्हणून. तुमचं खोटं ठरायला नको होतं मला.”

“माझं पूर्वीही किती वेळा खोटं ठरलंय. दोनदा उघडावं लागलंय, तीनदा उघडावं लागलंय. त्याशिवाय कुणी मिस्त्री होतं का?” त्यांनी स्कूटरचं हँडल पुन्हा धरलं. “आज मात्र तू एकदाच उघडलंस, आणि बरोबर जागी हात घातलास. मी सांगितलेल्या जागी नव्हे.”

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. बरा होणारा नव्हता, पण गोळ्यांनी पुष्कळ काळ ताब्यात राहण्यासारखा होता. तसा तो राहिलाही, बारा वर्षं. त्या बारा वर्षांत त्यांनी मला त्यांना येत होतं ते सगळं शिकवलं, खुर्चीवर बसून, गिऱ्हाइकांसमोर, काही न लपवता. आवाजावरून बेअरिंग कसं ओळखायचं, मीटर कुठं लावायचा, कुठं नाही. मी चुकले की चारचौघांत चुकलीस म्हणायचे.

पण मला आठवतो तो त्या दिवसानंतर साधारण तीन आठवड्यांनी आलेला फोन. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. पिठात दोन्ही हात भरलेले, तव्यावर भाकरी. यांचा मोबाइल वाजला. सांगलीच्या कुठल्याशा होस्टेलमधला माणूस होता, मोठ्यानं बोलत होता, मलाही ऐकू येत होतं. मशीन पाणी सोडत नाही, साळवे सिस्टरांनी नंबर दिला, म्हणाल्या, या नंबरवर फोन करा आणि मिस्त्रींनाच मागा.

“मिस्त्री आहेत का?” त्यानं विचारलं.

हे दारात येऊन उभे राहिले. मोबाइल डाव्या हातात, उजवा हात तसाच मोकळा, हलत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“हो, आहेत की,” ते फोनवर म्हणाले. “भाकऱ्या करताहेत. थांबा हं, हात धुऊन येतील.”